डिरेक्टरी सेवा : नोकरी शोधणाऱ्यांचे काही गैरसमज

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो किंवा एखादे मोठे रुग्णालय, जिथे शेकडो संगणक एकाच जाळ्यात जोडलेले असतात तिथे कर्मचारी, संगणक, छपाईयंत्रे आणि गट यांची नोंद एका ठिकाणी ठेवावी लागते. ही नोंद राखून, विचारणाऱ्या प्रत्येक यंत्राला तिच्यातून उत्तर देणाऱ्या व्यवस्थेला डिरेक्टरी सेवा म्हणतात. संगणक-साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करणारे पदवीधर या सेवेचे नाव अर्जात आवर्जून लिहितात, पण तिच्याविषयीच्या त्यांच्या कल्पना अनेकदा चुकीच्या असतात.

डिरेक्टरी म्हणजे फायली ठेवण्याची जागा, ही त्यांतली पहिली कल्पना. ग्रंथालयाची सूची पुस्तक कुठे आहे ते सांगते, पुस्तक मात्र फडताळातच असते. डिरेक्टरीचे कामही सूचीचेच आहे.

एलडॅप आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, असेही सर्रास मानले जाते. १९८८ च्या एक्स-५०० या आंतरराष्ट्रीय मानकाने डिरेक्टरीची सविस्तर रचना आखली, परंतु तिच्याशी बोलण्याची पद्धत छोट्या संगणकांना पेलणारी नव्हती. म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी तिचे हलके रूप घडवले आणि १९९३ मध्ये ते एलडॅप या नावाने प्रसिद्ध झाले. एलडॅप हा प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर देण्याचा ठरलेला शिष्टाचार, म्हणजे प्रोटोकॉल आहे, तर २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी हे तो प्रोटोकॉल समजणारे एक उत्पादन आहे. ओपन-एलडॅप हे तसेच दुसरे, मुक्त स्रोताचे उत्पादन.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र ‘ऑर्गनायझेशनल युनिट’, म्हणजे डिरेक्टरीतील नोंदींचा कप्पा, आणि ‘ग्रुप’, म्हणजे गट, यांच्याबाबत होतो. हिशेब विभाग नावाचे युनिट तयार करून त्यात कर्मचाऱ्यांची खाती हलवली की त्या विभागाचे फोल्डर त्यांना आपोआप उघडेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे, कारण परवानगी सुरक्षा-ओळख असलेल्या घटकालाच, म्हणजे व्यक्तीला, संगणकाला किंवा सुरक्षा-गटाला देता येते आणि युनिटला अशी ओळखच नसते. खाते एका वेळी एकाच युनिटमध्ये राहते, गटांत मात्र एकाच वेळी अनेक असू शकते. युनिटचा उपयोग कारभाराचे अधिकार वाटून देण्यासाठी आणि ‘ग्रुप पॉलिसी’, म्हणजे संगणक-वापराचे ठरवलेले नियम, लागू करण्यासाठी होतो. ही पॉलिसी, नाव काहीही सुचवो, गटाला जोडता येत नाही. ती साइट (जाळ्याचा एखाद्या ठिकाणचा भाग), डोमेन (एका डिरेक्टरीखाली एकत्र चालणारे जाळे) किंवा युनिट यांनाच जोडतात. युनिट आणि गट यांतला हा फरक उदाहरणासह सांगू शकणारा उमेदवार प्रमाणपत्रांची चळत आणणाऱ्यापेक्षा अधिक तयार मानावा.

क्लाउड आल्यामुळे हे शिक्षण कालबाह्य झाले, हे मतही अर्धवट आहे. २०२३ पर्यंत अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणून ओळखली जाणारी मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा आयडी सेवा वेगळ्या प्रोटोकॉलांवर चालते, तिच्यात युनिटांचे झाड नसते आणि अनेक संस्थांत ती जुन्या डिरेक्टरीशी जोडून वापरली जाते.

सरावासाठी महागडा सर्व्हर लागत नाही. विंडोज सर्व्हरची चाचणी-आवृत्ती १८० दिवस विनामूल्य मिळते, तर लिनक्सवरील साम्बा २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरचे, काम करू शकते. अशा घरगुती जाळ्यात संगणक डोमेनला जोडला जात नाही तेव्हा दोष पासवर्डला दिला जातो. पण डोमेन कंट्रोलरचा पत्ता डीएनएसमधील (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतील) नोंदींतून शोधला जात असल्याने, संगणकाचे डीएनएस घरच्या राउटरकडे वळलेले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर घड्याळ तपासावे, कारण ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत मूळ मांडणीत दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते.