पिचिंग कोच कशाला लागतो?

मी मूळचा पिंपळगाव राजाचा. गावात टेनिस बॉलने फास्ट बॉलिंग करायचो, म्हणून बीटेकला कॉलेजच्या बेसबॉल टीमने मला थेट पिचर केलं. घोळ तिथेच झाला. बॉलिंगमध्ये कोपर सरळ ठेवायचं. पिचिंगमध्ये ते वाकवून चाबकासारखं सोडायचं. सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर. ते फाटलं की टॉमी जॉन सर्जरी (पहिली 1974 ची), आणि मैदानात परतायला साधारण वर्ष.

अमेरिकेत कॉलेज टीमला खास पिचिंग कोच असतो. पाय कुठे पडतो, कंबर कधी फिरते हे तो बघतो, आणि टाकलेला प्रत्येक बॉल मोजतो. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे आपले दोन भालाफेकपटू तिकडे गेले. हातात जोर होताच. पिचर बनवलं ते टॉम हाउस या कोचने. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना घेतलं.

माझे बॉल कुणीच मोजले नाहीत. दुखतंय म्हटलं की स्प्रे मारायचा, परत उभं राहायचं. आज दोन तास माउस धरला तरी कोपर ठणकतं, खरंच.

तुमच्याकडे कोच नसेल तर एक मित्र पकडा. त्याला स्लो मोशनमध्ये शूट करू द्या, बॉल मोजू द्या. अन् तो 'बस' म्हणाला की बसा.