सावलीनं फक्त वेळ सांगितली

१४ ऑगस्ट १९४५. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एका खलाशानं पांढऱ्या पोशाखातल्या तरुणीला मागं वाकवून तिचं चुंबन घेतलं आणि ‘लाइफ’ मासिकाच्या आल्फ्रेड आयझेनस्टेट यांनी ते टिपलं. फोटो तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेला असणारच. पण त्यात मागच्या इमारतीवर एक सावली पडली आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांचे सहकारी नेमके त्या सावलीच्या मागं लागले. सावली होती समोरच्या हॉटेल अ‍ॅस्टरच्या गच्चीवरल्या पाटीची. त्यांनी जुने फोटो, नकाशे धुंडाळले, चौकातल्या इमारतींची छोटी प्रतिकृती बांधली, आरशानं तिच्यावर ऊन पाडलं आणि २०१५ साली उत्तर जाहीर केलं: संध्याकाळचे ५ वाजून ५१ मिनिटं. सत्तर वर्षांपूर्वीचा क्षण, तोही मिनिटासकट! त्यातून आणखी एक मौज निघाली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जपानच्या शरणागतीची घोषणा केली सात वाजता. ज्या फोटोला जग युद्धसमाप्तीचा क्षण मानतं, त्या क्षणी युद्ध संपल्याचं अधिकृतपणे कुणी सांगितलंच नव्हतं. शहर नुसत्या कुणकुणीवर रस्त्यात उतरलं होतं.

सूर्याकडून एवढं वदवून घेता येतं. पण ती दोघं कोण? आणि तिची संमती होती का?

आयझेनस्टेट यांनी नावं विचारली नव्हती. दिसेल त्या बाईला मिठी मारत निघालेल्या खलाशाच्या पुढं पुढं ते कॅमेरा घेऊन पळत होते. एकाएकी त्याच्या गडद गणवेशाच्या मिठीत काहीतरी पांढरं आलं आणि काही सेकंदांत त्यांनी चार फोटो घेतले. तिचे कपडे गडद असते तर आपण बटण दाबलंच नसतं, असं ते पुढं सांगत. म्हणजे छायाचित्रकारालाही आधी दिसला तो रंगांचा विरोध, माणसं नंतर. १९८० मध्ये ‘लाइफ’नं फोटोतल्या खलाशाला पुढं येण्याचं आवाहन केलं, तर अकरा जण हजर झाले. ‘ती मीच’ म्हणणाऱ्या बायका तीन.

त्यांतल्या एडिथ शेन म्हणायच्या, तो आपल्यासाठी लढून आला होता, म्हणून मी त्याला चुंबन घेऊ दिलं. ग्रेटा झिमर फ्रीडमन यांचं म्हणणं वेगळं. पांढऱ्या पोशाखामुळं फोटोतल्या तरुणीला परिचारिका समजतात, पण त्या परिचारिका नव्हत्याच. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. ऑस्ट्रियातून जीव वाचवून अमेरिकेत आलेल्या. आईवडील नाझींच्या वंशसंहारात गेले. युद्ध संपल्याची बातमी खरी आहे का, हे पाहायला त्या चौकात आल्या होत्या. २००५ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या उपक्रमात मुलाखत देताना त्यांनी सांगितलं की ते चुंबन त्यांच्या पसंतीचं नव्हतं. तो माणूस आला आणि त्यानं धरलंच. त्याचबरोबर हेही सांगितलं की त्यात शृंगार काही नव्हता, युद्ध संपल्याची सुटका होती.

थक्क व्हायला होतं ते इथं. फोटो एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही त्या चित्रात चपखल बसतात. तिचा चेहरा झाकलेला आहे. शरीर सैलावलंय की हतबल झालंय, ते पाहणाऱ्यानं ठरवायचं.

आज बहुतेक अभ्यासक ग्रेटा आणि जॉर्ज मेंडोन्सा यांची नावं घेतात. (आडनावावरून गोवा आठवेल, पण हे ऱ्होड आयलंडचे, पोर्तुगीज वंशाचे मच्छीमार.) पॅसिफिकमध्ये जखमींची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका मेंडोन्सांनी पाहिल्या होत्या, त्यात दारू चढलेली. पांढरा पोशाख दिसला आणि त्यांनी झेप घेतली. बरोबर आलेली मैत्रीण, पुढं त्यांची पत्नी झालेली रीटा, फोटोत त्यांच्या खांद्यामागं हसताना दिसते, असं हे अभ्यासक दाखवून देतात. अडचण एकच: या दोघांच्या हकिकतीत वेळ दुपारी दोनची आहे. सावली ते मान्य करत नाही.

२०१९ मध्ये मेंडोन्सा वारले आणि लगोलग फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथं या दृश्याच्या भल्यामोठ्या पुतळ्यावर कुणीतरी लाल रंगात ‘मी टू’ लिहिलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं हा फोटो आपल्या रुग्णालयांतून काढायचा आदेश काढला. तो बाहेर फुटताच मंत्र्यांनी रद्द केला. मग नेहमीचा वाद: जुन्या काळाला आजची फूटपट्टी लावावी का? मला हा प्रश्नच थोडा फसवा वाटतो. ‘माझी पसंती नव्हती’ हे आजच्या कुणा कार्यकर्तीनं चिकटवलेलं लेबल नाही; त्या चौकात असलेल्या बाईची ती साक्ष आहे. १९४५ ची फूटपट्टी वेगळी होती म्हणजे काय, तर तिला विचारायची पद्धत नव्हती. आणि तिची साक्ष घ्यायची तर पुरी घ्यावी: मेंडोन्सांच्या हेतूवर ग्रेटांनी कधी बोट ठेवलं नाही. फोटो भिंतीवर राहावा, पण खालच्या ओळीत ‘आनंदी खलाशी आणि परिचारिका’ एवढ्यावर भागवू नये, असं माझं मत.

‘लाइफ’नं पुढं ग्रेटा आणि जॉर्ज यांना टाइम्स स्क्वेअरमध्ये पुन्हा एकत्र आणलं. या वेळी विचारणा झाली. तीच पोझ पुन्हा द्यायला ग्रेटांनी नकार दिला.