बावीसाव्या रस्त्याचा फोटोग्राफर

लिरॉय ग्रॅनिस यांना १९५९ मध्ये अल्सरचा त्रास सुरू झाला. वय बेचाळीस, दक्षिण कॅलिफोर्नियात टेलिफोन कंपनीची नोकरी, मागे संसार. हा कामाच्या ताणाचा परिणाम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मन रमेल असा काहीतरी छंद लावून घ्यायला सुचवलं. ग्रॅनिस यांनी कॅमेरा हातात घेतला, गॅरेजमध्ये डार्करूम थाटली आणि हर्मोसा बीचवर, बावीसाव्या रस्त्यासमोरच्या किनाऱ्यावर, सर्फिंग करणाऱ्या पोरांचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी जे टिपलं, ते वगळून त्या काळातल्या सर्फिंगचा इतिहास लिहिणं अवघड आहे.

ग्रॅनिस यांची गोष्ट सांगताना डॉक्टरांच्या सल्ल्याचा किस्सा हमखास येतो, जणू एका औषधाच्या चिठ्ठीतून कलावंत जन्माला आला. मला हे पटत नाही. ग्रॅनिस १९१७ मध्ये हर्मोसा बीचलाच जन्मले आणि १९३१ मध्ये, चौदाव्या वर्षी लाटेवर उभे राहिले. म्हणजे कॅमेरा आला तेव्हा त्यांच्या पाठीशी समुद्राची जवळजवळ तीन दशकं होती. सुरुवातीच्या त्या काळातल्या फळ्या भरीव लाकडाच्या. काही तर चाळीस किलोंच्याही पुढे जात. अशी फळी पाण्यापर्यंत ओढत न्यायची, हातांनी वल्हवत लाटांच्या पलीकडे पोहोचायचं आणि फळी हातून निसटलीच तर थंड पाण्यात तिच्यामागे पोहत जायचं. समुद्र ओळखायला ते असे शिकले.

गुरूही घरचाच होता. जॉन ‘डॉक’ बॉल हे पेशाने दंतवैद्य. सर्फिंगचे आद्य छायाचित्रकार टॉम ब्लेक यांनी जलरोधक पेटीत कॅमेरा बंद करून पाण्यातून काढलेले हवाईचे फोटो १९३१ मध्ये बॉल यांनी वर्तमानपत्रात पाहिले आणि त्यांनाही तोच नाद लागला. १९३५ मध्ये त्यांनी पालोस व्हर्डीस सर्फ क्लब काढला. ग्रॅनिस त्याच क्लबातले. बॉल यांचं ‘कॅलिफोर्निया सर्फरायडर्स’ हे पुस्तक १९४६ मध्ये निघालं, अवघ्या ५१० प्रतींचं. तरुण ग्रॅनिस बॉल यांच्या फोटोंत दिसतात. कॅमेऱ्यामागे जाण्याआधी ते बरीच वर्षं कॅमेऱ्यासमोर होते.

वेळही मोक्याची होती. ‘गिजेट’ ही सर्फिंग करणाऱ्या मुलीवरची कादंबरी १९५७ मध्ये आली आणि १९५९ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. त्याच सुमारास लाकडाच्या जागी फोमच्या हलक्या फळ्या आल्या. शाळकरी पोरंही त्या उचलून नेऊ लागली. किनारे गजबजले. १९६० मध्ये जॉन सेव्हर्सन यांनी ‘सर्फर’ सुरू केलं, मागोमाग इतर मासिकं आली आणि सगळ्यांनाच फोटो हवे होते. १९६४ मध्ये ग्रॅनिस यांनी डिक ग्रॅहम यांच्यासोबत ‘इंटरनॅशनल सर्फिंग’ हे मासिक काढलं. टेलिफोन कंपनीतली नोकरी मात्र चालूच होती.

पाण्यात बसून फोटो काढण्याची अडचण नीट समजून घ्यायला हवी. रोलमध्ये फोटो छत्तीस. रोल संपला की किनाऱ्यावर परत यायचं, हात कोरडे करायचे, रोल बदलायचा आणि पुन्हा फुटणाऱ्या लाटा ओलांडून मूळ जागी जायचं. तोवर चांगल्या लाटांचा ताफा निघून गेलेला असतो. पाण्यातच पेटी उघडावी, तर खाऱ्या पाण्याचे चार थेंबसुद्धा कॅमेरा निकामी करतात. ग्रॅनिस यांनी यावर स्वतःच तोड काढली. त्यांनी आतून रबर लावलेली लाकडी पेटी बनवली आणि तिला फळीवर घट्ट चिकटून राहतील असे सक्शन कप बसवले. या पेटीमुळे समुद्रातच, फळीवर बसल्या बसल्या रोल बदलता येऊ लागला. पण पेटी म्हणजे अर्धंच काम. लाट कुठे उठेल, कोणत्या बाजूने फुटत येईल, तिच्यावरचा माणूस कोणत्या क्षणी वळेल आणि आपण कुठे असलो तर त्याची फळी आपल्या डोक्यावर येणार नाही, हे ज्याला आतून कळतं त्यालाच छत्तीस फोटो पुरतात.

ग्रॅनिस हवाईलाही गेले. मकाहा, सनसेट बीच, पाइपलाइन इथल्या अजस्र लाटा त्यांनी टिपल्या. तरीही मला त्यांचे किनाऱ्यावरचे फोटो जास्त मोलाचे वाटतात. ओळीने उभ्या गाड्या, टपावर बांधलेल्या फळ्या, पुढच्या फेरीची वाट पाहणारे स्पर्धक, उन्हाने भुरके पडलेले केस. त्या फोटोंत सर्फरचे घोटे बघा. त्यांना दोरी नाही. पायाला बांधायची दोरी १९७० नंतर रुळली. त्याआधी फळीवरून पडलेला माणूस फळीला मुकायचा, आणि ती खडकावर आपटून तुटायची. म्हणूनच त्या काळचा सर्फर उत्तम पोहणारा असणं भाग होतं. ग्रॅनिस यांच्या कितीतरी फोटोंत चौकटीच्या कडेला अशी एखादी मोकळी सुटलेली फळी सापडते. त्यांनी ती कापून टाकली नाही, यात मला त्यांची नजर दिसते. ही पोरं त्यांना ‘ग्रॅनी’ म्हणत. त्यांच्यासमोर कोणी पोझ देऊन अवघडत नसे, कारण तो फोटोग्राफर त्यांच्याच पाण्यातला होता.

१९६७-६८ पासून फळ्या आखूड झाल्या, सर्फिंगची रीत बदलली, गर्दी वाढली. १९७१ च्या सुमारास ग्रॅनिस त्यातून बाहेर पडले आणि हँग ग्लायडिंगकडे वळले. त्यातच १९८१ मध्ये पाय मोडल्यावर त्यांनी तोही खेळ सोडला आणि शिडाच्या फळीवर, विंडसर्फिंगला, पुन्हा पाण्यात उतरले. जगाचं लक्ष त्यांच्या निगेटिव्हकडे बऱ्याच उशिरा गेलं. टाशेन या प्रकाशनसंस्थेने २००६ मध्ये त्यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या फोटोंचं भलंमोठं पुस्तक काढलं, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अल्सरच्या निदानानंतर ते पन्नासहून अधिक वर्षं जगले.