बंद गाडीतली गळती

रविवारी गारगोटीला बहिणीकडे जाऊन यायचं, संध्याकाळी गाडी दारात लावायची आणि गुरुवारी सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे नुसते मिणमिणायचे. बॉनेटखालून ‘टक टक टक’ आवाज यायचा, सेल्फ फिरायचाच नाही. शेजारचे काका आपली गाडी समोर आणून केबल जोडायचे, मग सुरू व्हायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

बॅटरी उतरली म्हटलं की सगळे एकच उपाय सांगतात : नवी टाका. मीही टाकली. जेमतेम १४ महिन्यांची जुनी बॅटरी बदल्यात दिली, वर चार हजार रुपये मोजले. नवी बॅटरी दुसऱ्याच गुरुवारी उतरली.

मी कोल्हापुरात ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दोनदा प्रयोग केला आणि दोन्हीदा एकच निकाल आला, तर जे बदललं नाही त्यात कारण शोधायचं, हे मुलांना सांगत आले. इथे बॅटरी बदलली होती, गाडी तीच होती. म्हणून उद्यमनगरातल्या एका वायरमनकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि म्हणाले, “बाई, बंद गाडीत हिला कोणतरी खातंय. हुडकूया.”

त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण तीत अंदाजाला जागाच नव्हती. तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं आकड्यांत.

पहिला प्रश्न : बॅटरी स्वतः धड आहे का? गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभर शांत राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर ती निम्मी, १२च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला, तरच बॅटरीवर संशय घ्यायचा. माझी चार्जिंगला लावून आणली होती. या परीक्षेत ती उत्तम उतरली.

दुसरा प्रश्न : गाडी चालताना बॅटरी भरते का? हे काम अल्टरनेटरचं. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. साडेबाराच दिसले तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडणी तपासायची. कधी दोष फक्त टर्मिनलचा असतो : सैल झालेलं, किंवा त्यावर पांढरट-हिरवट थर साचलेला. वायरी सोडवून गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं घासलं की तो थर निघतो. पाणी मात्र बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही. माझ्या गाडीत आकडा १४.२ होता आणि टर्मिनल स्वच्छ.

उरला तिसरा प्रश्न : गाडी बंद असताना करंट जातो कुठे? थोडा तर जाणारच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती यांना रात्रंदिवस काहीतरी लागतं. एरवी हा खर्च ०.०५ अँपिअरच्या आत असतो. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. त्या हिशेबानं दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे पंधरा दिवस गाडी हलली नाही तरी बॅटरी निम्म्याच्या आसपास राहते.

वायरमननी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये १० अँपिअरवर लावलेला मीटर जोडला. शाळेच्या पुस्तकातली एकसर जोडणी! दार उघडंच ठेवलं, पण त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं आणि आतला दिवा विझतो. मग अर्धा तास थांबलो, कारण नव्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला तेवढा वेळ घेते. घाई केली तर चुकीचा आकडा मिळतो.

आकडा उतरत उतरत ०.३८ वर थांबला. पुढे हलेना.

तिथेच कागदावर हिशेब केला. ०.३८ गुणिले २४, दिवसाला नऊ अँपिअर-तास. चार दिवसांत छत्तीस. बॅटरी पस्तिसाची. रविवार ते गुरुवार!

मग एकेक फ्यूज काढायचा, मीटरकडे बघायचं, परत बसवायचा. सातवा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. तो म्युझिक सिस्टिमचा होता. वर्षभरापूर्वी बाहेरून बसवून घेतली होती. तिला दोन वायरींतून वीज मिळते : पिवळी कायम चालू, तांबडी फक्त किल्ली फिरवल्यावर. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून टाकल्या होत्या. पडदा काळा दिसायचा, आत यंत्र रात्रभर जागं. तांबडी वायर किल्लीच्या लाइनवर घ्यायला दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या गाडीत चोर दुसरा निघेल : न विझणारा डिकीतला दिवा, थेट बॅटरीवर जोडलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर, चिकटून बसलेला रिले. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरच्या आतला डायोड बिघडलेला असू शकतो. ते काम वायरमनवरच सोपवा.

घरी तपासणार असाल तर काही पथ्यं पाळाच. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका; तो शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटर जळेल. वायरी काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ काडी पेटवू नका.

आणि हे काम लांबणीवर टाकू नका. बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात, आणि मग तेवढा भाग पुन्हा भरत नाही. म्हणजे गळती न शोधता टाकलेली नवी बॅटरीही त्याच गळतीनं मरते.

बदल्यात दिलेली ती १४ महिन्यांची बॅटरी बहुधा चांगलीच होती. ती गेली याचं मला वाईट वाटतं, पैशापेक्षा त्यातल्या शिशासाठी अधिक. जुनी बॅटरी द्यावीच लागली तर भंगारवाल्याला न देता दुकानातच परत द्या. पण त्याआधी, कुणी ‘नवी टाका’ म्हणालं, तर एकच विचारा : बंद गाडीत करंट किती जातो, मोजलात का? उत्तर आकड्यात मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.