इंजिनाचे काम झाले, पण गिअर पडेना!
जुन्या बुलेटचे दुखणे कोठे शोधावे?

"उस्ताद, इंजिन झकास झाले, पण गिअर पडत नाही." जुन्या मोटारसायकलींची कामे करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना हे वाक्य नवे नाही. बोअर-पिस्टनचे काम करून गाडी हातात दिली, गिऱ्हाईकाने पैसे मोजले, आणि दोन दिवसांनी तोच माणूस दारात उभा! आता गिअरबॉक्स खोलायचा म्हटले तर मजुरी कोणी द्यायची? गिऱ्हाईक म्हणते, आधी गाडी ठीक होती. कारागीर म्हणतो, गिअरबॉक्सला आम्ही हातच लावला नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

आम्ही येथे चार गिअरच्या जुन्या बुलेटपुरते लिहीत आहोत. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, ती ही गाडी. हिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीमागे बोल्टांनी जोडलेला, स्वतंत्र खोक्याचा असतो. त्यामुळे इंजिनाच्या कामानंतर गिअरची तक्रार आली तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या पोटात नसतो. इंजिन काढता-घालताना वाटेत जे जे सुटले आणि पुन्हा बसवले गेले, म्हणजे क्लच, प्रायमरी चेन, केबल, पॅडल आणि पायदान, तेथेच तो असतो. म्हणून शोध बाहेरून आत जावा. गिअरबॉक्स सर्वांत शेवटी.

पहिली परीक्षा फुकटची आहे. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचे चाक हाताने फिरवत चारही गिअर पाडून पाहा. बंद गाडीत सर्व गिअर पडतात, पण चालू गाडीत कचकन आवाज होऊन अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजा. खात्री करायची असेल तर इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये क्लच दाबा, पाच आकडे मोजा आणि मग पहिला गिअर पाडा. गाडीने झटका दिला किंवा ती पुढे ओढू लागली, तर गिअरबॉक्सचे बोल्ट सोडण्याचे कारण नाही.

क्लच न सुटण्याची कारणे पुष्कळ, पण केबलपासून सुरुवात करावी. लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. जास्त असेल तर प्लेटा पुऱ्या उघडत नाहीत. इंजिन बसवताना केबलची वाट बदलते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ढील पाहा. वळवल्यावर ती बदलत असेल तर केबल कोठेतरी ताणली किंवा दबली जात आहे.

केबल ठीक असेल तर डावीकडचे चेन कव्हर उघडा. क्लच दाबून हळूच किक फिरवा आणि प्रेशर प्लेटकडे पाहा. ती चारही बाजूंनी सारखी उचलली पाहिजे. एका अंगाने वर आणि दुसऱ्या अंगाने चिकटलेली दिसली तर स्प्रिंगा किंवा त्यांचे स्क्रू पाहावेत. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवल्या की वाकलेली प्लेट लगेच कळते. क्लचच्या डब्याच्या खाचांना प्लेटांनी पाडलेले खड्डे बोटाला लागतात. प्लेट त्यात अडकते आणि मागे सरकत नाही. किरकोळ खड्डा कानशीने घासून निघतो, खोल असेल तर डबा बदलावा.

तेलाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. या गाडीत तेल तीन ठिकाणी वेगवेगळे असते : इंजिनात, चेन कव्हरमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये. घाईत इंजिनात नवे तेल पडते, पण चेन कव्हर कोरडे राहते. किंवा गिअरबॉक्सचे जाड तेल चुकून तेथे जाते. जाड तेलाने प्लेटा एकमेकींना चिकटतात. जुने बुलेटवाले सकाळी क्लच दाबून दोन-चार किका मारतात आणि मगच गाडी सुरू करतात, ते याचसाठी.

आता दुसरी बाजू. बंद गाडीतही गिअर पडत नसेल तर आधी पॅडल पाहा. दात्यांच्या शाफ्टवर ते एक दाता पुढे-मागे बसले किंवा पायदान तिरके आवळले गेले, तर पॅडल मध्येच टेकते आणि गिअर अर्धवट राहतो. वर जाणारा गिअर नीट पडतो, पण खाली येणारा चुकतो किंवा दोन गिअरच्या मधे गाडी न्यूट्रल होते, तेव्हा रॅचेटची पट्टी पाहावी. ही पट्टी दोन बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट ढिले करून ती किंचित सरकवली की दोन्ही बाजूंची चाल सारखी होते. गिअर काढावे लागत नाहीत.

एवढे करूनही तिसरा गिअर चढावर सुटत असेल, तर गिअरचे दाते किंवा फोर्क झिजलेला आहे आणि गिअरबॉक्स खोलणे भाग आहे. हा दोष बहुधा जुनाच असतो. मरगळलेल्या इंजिनाने तो झाकला होता. नव्या पिस्टनचा जोर आला आणि तो उघडा पडला. गिऱ्हाईकाला हे पटवणे मात्र अवघड!

इंजिन आणि गिअर एकाच खोक्यात असलेल्या गाड्यांचे, उदाहरणार्थ स्प्लेंडरचे, गणित निराळे. तेथे फुल इंजिन खोलले की फोर्क, ड्रम आणि वॉशर हाताखालून जातातच. म्हणून खोके जोडल्यावर, क्लच चढवण्याआधी, शाफ्ट हाताने फिरवून सर्व गिअर पाडून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे. नाहीतर पूर्ण इंजिन पुन्हा उतरवावे लागते.

राहिला प्रश्न मजुरीचा. गाडी कामाला घेतानाच मालकाला मागे बसवून एक फेरी मारावी आणि गिअर कसे पडतात, सुटतात का, हे त्याच्यासमोर पावतीवर लिहावे. केबल, तेल आणि पॅडल यांचा दोष निघाला तर तो आपल्या बसवणीचा आहे, त्याची मजुरी घेऊ नये. पावतीवर आधीच लिहिलेला झिजलेला गिअर निघाला तर मजुरी मागायला संकोच नको. नवी केबल आणि नव्या प्लेटा घातल्या असतील तर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलवावी आणि केबलची ढील व प्रायमरी चेन पुन्हा बघून द्यावी. तोपर्यंत दोन्ही थोडे बदललेले असतात.