चमचाभर साखरेचा धमाका

फेब्रुवारी लागला की उस्मानपुऱ्यात पीर बाजाराकडे द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. द्राक्षांची वाइन होते हे सगळ्यांना माहीत. पण ती गोड कशी राहते, हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. खरी गंमत आहे बाटलीला बूच लावण्याआधी घातलेल्या साखरेत!

दौलताबादची द्राक्षं. उस्मानपुऱ्यापासून फार लांब नसलेल्या दौलताबादेत चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

द्राक्ष गोड, वाइन कोरडी. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल एक टक्क्याने चढतं. यीस्टला मोकळं सोडलं, तर ते जवळपास सगळी साखर फस्त करतं. म्हणून गोडी हवी असेल, तर ती बहुतेक वेळा शेवटी घालावी लागते.

साडेचार चमच्यांची करामत. 750 मिलीलिटरच्या बाटलीत 18 ग्रॅम साखर घातली, म्हणजे चहाचे जेमतेम साडेचार चमचे, आणि आत यीस्ट जिवंत असेल, तर वातावरणाच्या सुमारे सहा पट दाब तयार होतो. शॅम्पेन अशीच फसफसते; तिची बाटली जाड काचेची आणि बूच तारेने जखडलेलं असतं ते उगाच नाही. साधी बाटली मात्र फुटते!

यीस्टची नसबंदी. बाटली फुटू नये म्हणून घालतात ते पोटॅशियम सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ रोखतं. त्यामुळे वाइन आधी पूर्ण आंबून निवळावी लागते, गाळावरून काढून घ्यावी लागते. मग सॉर्बेट आणि सल्फाइट, आणि सर्वांत शेवटी साखर. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. सॉर्बेटचं मूळ असलेलं सॉर्बिक आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी, 1859 साली.

वास आला की ओळखा. सल्फाइटशिवाय नुसतं सॉर्बेट घातलं, तर लॅक्टिक जिवाणू त्याचं भलतंच रूपांतर करतात आणि वाइनला जिरेनियमची पानं चुरडल्यासारखा वास येतो. तो नंतर कशानेही जात नाही.

यीस्टला न पचणारी गोडी. एरिथ्रिटॉल किंवा दुधातली लॅक्टोज साखर वाइनच्या यीस्टला पचत नाही. आपल्या जिभेला गोड, यीस्टला मात्र उपास!

नाताळची वाइन. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळसाठी द्राक्षं किंवा मनुका, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून वाइन करण्याची जुनी रीत आहे. गडद रंगासाठी त्यात साखर जाळून घालतात.

साखरच रखवालदार. हंगेरीच्या टोकाय एसेन्सिया या वाइनमध्ये लिटरमागे 450 ग्रॅमहून अधिक साखर असते. एवढ्या साखरेत यीस्टच दबून जातं. आपला मोरांबा वर्षभर टिकतो, तोही याच कारणाने. नाशिकच्या सुला वायनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां ही वाइन गोड असते, कारण तिची द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देतात.

गोड विष. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून वाइनमध्ये घालत. शिशाचे क्षार गोड लागतात, पण शरीरात विष भिनवतात. शिशाने गोड केलेल्या वाइनमुळेच पोटशूळ होतो, हे 1696 च्या सुमारास जर्मनीतल्या उल्म शहराचे वैद्य एबरहार्ड गोकेल यांनी दाखवून दिलं.

आधी पेल्यात, मग पिंपात. मुरलेले कारागीर 100 मिलीलिटरच्या चार पेल्यांत एक, दोन, तीन, चार ग्रॅम साखर विरघळवून चव घेतात आणि मगच पूर्ण साठ्याचं प्रमाण ठरवतात. वाइन आंबट असेल तर गोडी झाकली जाते. थंड असेल तरी ती कमी जाणवते.

आता महत्त्वाचं. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. पण द्राक्षाचा ताजा रस घरी काढत असाल, तर एवढं नक्की लक्षात ठेवा: सालीवर रानटी यीस्ट असतंच. रस घट्ट बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा आणि झाकण उघडताना फस्स आवाज आला, तर बिनदिक्कत ओतून द्या.