घरपट्टीला तहकुबी का नाही?

मार्च महिना उजाडला की गावोगावी वसुलीचा धडाका सुरू होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई थकबाकीची यादी घेऊन दारोदार फिरतो. कुठे नळ तोडण्याची धमकी दिली जाते, तर कुठे थकबाकीदारांची नावे फलकावर लावली जातात. या याद्यांमध्ये आमच्या वस्त्यांची नावे ठळकपणे असतात. मग चावडीवर बसलेली मंडळी म्हणतात, 'यांना सगळे फुकट पाहिजे, कर भरायला नको.' या आरोपाला उत्तर देण्याची वेळ आता आली आहे.

कर भरू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ग्रामपंचायत आमचीही आहे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे. पेटीत पैसाच आला नाही तर हे पंधरा टक्के तरी कशाचे काढणार? आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या घरात त्या वर्षी पैसाच आलेला नाही, त्याच्याकडची वसुली काही काळ थांबवण्याची सोय कायद्यात आहे की नाही? असेल तर ती कोणासाठी आहे?

सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ७८ मध्ये जमीन महसूल कमी करण्याची, तहकूब करण्याची किंवा माफ करण्याची तरतूद आहे. पीक बुडाले, पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की सरकार सवलती जाहीर करत आले आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वेळच्या सवलती पाहा. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची वीज न तोडण्याचे आदेश, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि पाण्याचे टँकर. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही यादी बहुतांशी हीच होती.

यातल्या शेवटच्या तीन गोष्टी भूमिहीनालाही मिळतात, हे मान्य केले पाहिजे. पण वसुली थांबवणाऱ्या ज्या सवलती आहेत त्या सगळ्या सातबाऱ्याला बांधलेल्या आहेत. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा महसूल थांबतो, त्याचे कर्ज थांबते, त्याच्या पंपाचे बिल कमी होते. याबद्दल आमची तक्रार नाही. कोरडवाहू शेतकरी हा आमचाच भाऊ आहे. पण त्याच शेतात खुरपणी करणाऱ्या बाईचे काय? पीक बुडाले तेव्हा तिची मजुरीही बुडाली. तिची घरपट्टी मात्र दुष्काळ पाहत नाही, पाणीपट्टी तर टँकरच्या रांगेत उभे असतानाही चढतच राहते.

खरी गोम पुढे आहे. घरपट्टी थकली आणि नेहमीच्या मार्गाने वसूल झाली नाही, तर ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. म्हणजे मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती आणि लिलाव, स्थावराची जप्ती, आणि कागदावर तरी अटकेपर्यंतचे सगळे मार्ग खुले होतात. वसुली करायची वेळ आली की घरपट्टी ही जमीन महसुलासारखी होते. तहकुबी द्यायची वेळ आली की मात्र ती महसूल राहत नाही! काठी तीच, पण सावली दुसऱ्याला. हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी हा अन्याय शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी आयकर आणि शेतसारा यांची तुलना केली. ज्याला उत्पन्न नाही त्याला आयकर नाही. शेतसारा मात्र पीक येवो की न येवो, भरावाच लागतो. एक एकरवाला आणि जहागीरदार दोघांनाही एकच दर. कर हा माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावा, हे तत्त्व त्यांनी सरकारपुढे ठेवले. तेच तत्त्व आज घरपट्टीला लावून पाहिले तर उत्तर काय येते?

आयकराच्या बाबतीत तर सरकारने फारच समजूतदारपणा दाखवला आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम २२० मध्ये मुदत वाढवून देण्याची, हप्ते पाडून देण्याची आणि अपील चालू असेपर्यंत थकबाकीदार न मानण्याची मुभा दिली. २०१७ मध्ये ठरले की, वादातल्या मागणीच्या वीस टक्के भरले की पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेली वसुली साधारणपणे थांबवावी. कोट्यवधींची मागणी अशी थांबू शकते. वस्तीतल्या पत्र्याच्या घराची थकबाकी थांबवण्यासाठी मात्र कोणाकडे अर्ज करायचा, हेही कोणी सांगत नाही.

मुदतीत पैसे भरता आले नाहीत म्हणून काय गमवावे लागते, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. महार वतनाची गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले होते, त्या लढ्याची ती परिणती होती. वतनाच्या जमिनी त्याच वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, पण ठरावीक मुदतीत कब्जाची रक्कम भरण्याच्या अटीवर. रक्कम भरली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कायद्याच्या भाषेत 'अनधिकृत कब्जेदार' ठरला. मजुरीवर जगणाऱ्या घराला ती रक्कम भारी होती आणि अनेकांपर्यंत मुदतीची खबरही धड पोहोचली नाही. थकबाकी ही गरिबाच्या बाबतीत नुसती रक्कम नसते. ती हक्क हिरावून घेण्याचे साधन होते.

आजही तसेच घडते आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कराचे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत ते भरले नाही, तर ती व्यक्ती सदस्य होण्यास किंवा सदस्य राहण्यास अपात्र ठरते. राखीव जागेवर उभी राहणारी आमची भगिनी छाननीच्या दिवशी थकबाकीवर बाद होऊ शकते. निवडून आली तरी विरोधक तेच हत्यार तिच्यावर उगारू शकतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कारखान्याच्या फडावर जाते ते मार्च-एप्रिलपर्यंत. नेमक्या याच काळात वसुलीची मोहीम असते. बंद दाराला बिल चिकटवायचे आणि थकबाकीदार म्हणून शिक्का मारायचा, याला रीतसर म्हणायचे काय?

२०२५ च्या अखेरीस सरकारने ग्रामपंचायतींना जुन्या थकबाकीत पन्नास टक्के सवलत देण्याची मुभा दिली. चांगले झाले. पण अट अशी की उरलेली निम्मी थकबाकी आणि चालू वर्षाचा कर एकरकमी भरला पाहिजे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याची थकबाकी माफ होते. ज्याच्याकडे नाहीत त्याची तशीच राहते. सवलतसुद्धा ऐपतवाल्यालाच!

म्हणून आमची मागणी माफीची नाही, तहकुबीची आहे. पहिली गोष्ट, दुष्काळ जाहीर झालेल्या गावात भूमिहीन मजुरांच्या घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली पुढच्या हंगामापर्यंत आपोआप थांबावी. दुसरी, कर्ता माणूस गेला, मोठे आजारपण आले, तर साध्या अर्जावर हप्ते मिळावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तहकूब झालेली रक्कम निवडणुकीसाठी किंवा दाखल्यांसाठी थकबाकी धरली जाऊ नये. या तहकुबीने ग्रामपंचायतीला जी तूट येईल ती सरकारने भरून द्यावी, म्हणजे गावाच्या पाण्याला झळ लागणार नाही.

सरकार हे करेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे आपल्याला परवडणारे नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी कर वेळेवर भरावा आणि पावती जपून ठेवावी. ज्यांना शक्य नाही त्यांनी तोंडी विनवण्या करू नयेत. लेखी अर्ज द्यावा, त्यावर पोचेचा शिक्का घ्यावा, जमेल तेवढी रक्कम भरावी. बिल कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती दिले, याची नोंद ठेवावी. ग्रामसभेला संख्येने जावे आणि पंधरा टक्के निधीचा हिशेबही त्याच सभेत मागावा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एक दिवस काढून घराघरातले असे अर्ज लिहून दिले, तरी पुढच्या निवडणुकीत आपला एकही उमेदवार घरपट्टीपायी बाद होणार नाही.

जयभीम!